लहान चाकाचा मोठा वेग

पाठ्यपुस्तकातली रेल्वे इंजिनाची गोष्ट बहुधा स्टीफन्सनच्या 'रॉकेट'पाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पुढच्या सव्वाशे वर्षांत इंजिने 'सुधारत गेली' असे एक वाक्य येते, आणि मग एकदम डिझेल आणि वीज. काय सुधारले, कशासाठी सुधारले आणि त्या सुधारणेने नवी अडचण कोणती उभी केली, हे प्रश्न राहूनच जातात. प्रवासी गाड्या वेगाने ओढणारी वाफेची इंजिने या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. त्यांत वर्तुळाचा परीघ आहे, घर्षण आहे, वाफेचे पाणी होणे आहे, आणि एका मोठ्या अपघाताची चौकशीही आहे.

सुरुवात एका सोप्या गणिताने करू. मुलांना तीन इंजिनांची माहिती फळ्यावर लिहून द्या. पहिले 'रॉकेट', साल १८२९, दट्ट्याने फिरवलेल्या चाकाचा व्यास १.४४ मीटर, वेग ताशी सुमारे ४७ किलोमीटर. दुसरे इंग्लंडच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेसाठी पॅट्रिक स्टर्लिंगने १८७० साली काढलेले इंजिन. त्याचे चाक २.४६ मीटरचे, म्हणजे उंच माणसाच्याही डोक्यावर जाणारे, आणि वेग ताशी १२० किलोमीटरच्या घरात. तिसरे 'मॅलार्ड', ज्याने १९३८ साली ताशी २०३ किलोमीटरचा वेग गाठला. त्याचे चाक २.०३ मीटरचे. आता विचारा, प्रत्येक इंजिनाचे चाक सेकंदाला किती फेरे घेत होते?

परीघ काढून भागाकार केला की उत्तरे येतात ती अशी : 'रॉकेट' सुमारे तीन, स्टर्लिंगचे इंजिन चाराच्या थोडे वर, 'मॅलार्ड' जवळजवळ नऊ. पहिल्या चाळीस वर्षांत वेग अडीचपट झाला, पण तो मुख्यतः चाक मोठे करून. पुढच्या काळात चाक उलट लहान झाले आणि वेग तरीही वाढला. मधल्या काळात काय घडले ते समजून घेण्यासाठी चाक सोडून इंजिनाच्या पोटात शिरावे लागते.

वाफेच्या इंजिनात दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने वाफ सोडतात. चाकाच्या एका फेऱ्यात दट्ट्या एकदा पुढे आणि एकदा मागे जातो, म्हणजे सिलिंडरात दोनदा वाफ भरायची आणि दोनदा बाहेर काढायची. चाकाचे सेकंदाला नऊ फेरे म्हणजे हे काम सेकंदाला अठरा वेळा! आत येणाऱ्या वाफेला वाट अरुंद पडली तर दट्ट्यावर पुरेसा दाब येत नाही, आणि बाहेर जाणारी वाफ अडकली तर ती दट्ट्याला उलटे ढकलत राहते.

हे वर्गात दाखवायला सुई न लावलेली इंजेक्शनची मोठी पिचकारी पुरते. दांडा सावकाश मागेपुढे केला तर काहीच जोर लागत नाही. झपाट्याने करायला गेले की हाताला विरोध जाणवतो. तोंडावर बोट अर्धवट धरले तर तो आणखी वाढतो. जुन्या अभियंत्यांना हा विरोध चांगला ठाऊक होता. त्यांनी त्यावर काढलेला तोडगा सरळ होता : दट्ट्याला घाई करायला लावायचीच नाही. चाकच इतके मोठे करायचे की दट्ट्याच्या एका येरझाऱ्यात गाडी पुष्कळ पुढे जाईल.

'रॉकेट'मध्ये मूळ गोष्टी आल्याच होत्या. बॉयलरमधून एकच जाड नळ नेण्याऐवजी तांब्याच्या पंचवीस नळ्या घातल्यामुळे गरम वायूंना पाण्याशी भिडायला खूप जास्त पृष्ठभाग मिळाला. ही सूचना स्टीफन्सन पितापुत्रांना हेन्री बूथ यांनी केली होती आणि फ्रान्समध्ये मार्क सेगाँ यांनाही हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती. दुसरी गोष्ट म्हणजे काम करून बाहेर पडणारी वाफ धुराड्यात सोडणे. तिच्या जोराने धुराड्यातली हवा वर खेचली जाते आणि भट्टीत ताजी हवा शिरते. इंजिनाने जितके जास्त काम करावे तितका विस्तव आपोआप जास्त फुलतो. फुफ्फुस आणि हृदय एकमेकांना बांधल्यासारखी ही रचना शेवटच्या वाफेच्या इंजिनापर्यंत टिकली.

मोठ्या चाकांचे दिवस

१८४० नंतरची तीस-चाळीस वर्षे मोठ्या चाकांची होती. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे रूळ एकमेकांपासून दोन मीटरहून जास्त लांब होते. त्यांवर डॅनियल गूच यांची १८४७ नंतरची इंजिने आठ फुटी चाकांवर ताशी १२० किलोमीटरच्या आसपास पळत. टॉमस क्रॅम्प्टन यांनी मोठे चाक चक्क भट्टीच्या मागे, ड्रायव्हरच्या पायाशी नेऊन बसवले, कारण त्यांना बॉयलर खाली हवा होता. गुरुत्वमध्य जितका खाली तितके इंजिन सुरक्षित, अशी तेव्हाची पक्की समजूत होती. इंग्लंडमध्ये क्रॅम्प्टन यांचे फारसे चालले नाही. फ्रान्सने मात्र त्यांना डोक्यावर घेतले.

ही समजूत चूक निघाली. वळणावर गुरुत्वमध्य खाली असलेले इंजिन रुळाला आडवा धक्का देते. गुरुत्वमध्य वर असेल तर इंजिन स्प्रिंगांवर थोडे कलते आणि बाहेरच्या रुळावर खालच्या दिशेने भार टाकते. आडव्या धक्क्यापेक्षा हा खालचा दाब रूळ सहज सोसतात. बॉयलर वर उचलायला हरकत नाही हे पटायला बरीच वर्षे गेली. विज्ञानाच्या तासाला 'गुरुत्वमध्य खाली म्हणजे स्थिर' हा नियम आपण घोकून घेतो. त्याची ही मर्यादा मुलांना सांगावी असे आम्हांला वाटते.

मोठ्या चाकांना खरा शह दिला तो प्रवाशांनी. स्टर्लिंगच्या इंजिनात चालक चाकांची एकच जोडी होती. इंजिनाचे ओढण्याचे बळ शेवटी त्या एका जोडीवर पडणाऱ्या वजनावर अवलंबून असते. हे वजन साधारण पंधरा टन. कोरड्या रुळांवर त्याच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढा जोर मिळतो, ओल्या रुळांवर त्याहून पुष्कळ कमी. पुढे डब्यांना संडास आले, एका डब्यातून दुसऱ्यात जायच्या वाटा आल्या, जेवणाचे डबे आले, आणि गाडीचे वजन वाढत गेले. इंजिन जागच्या जागी चाके फिरवू लागले. चाकांखाली वाळू फुंकण्याची युक्ती निघाली, तिने काही वर्षे निभावली. पण इलाज एकच होता : दोन किंवा तीन आस दांड्यांनी एकमेकांना जोडून जास्त वजन कामाला लावणे.

आणि इथे मोठे चाक आड आले. अडीच मीटर व्यासाच्या तीन जोड्या एकामागे एक लावल्या तर इंजिनाची लांबी कुठल्या कुठे जाईल. चाक लहान करणे भाग पडले. चाक लहान म्हणजे फेरे जास्त, आणि फेरे जास्त म्हणजे पिचकारीतला तो विरोध पुन्हा समोर. चाळीस वर्षे टाळलेला प्रश्न आता सोडवावाच लागणार होता.

भट्टी, वाफ आणि वाफेची वाट

त्याआधी वाफच जास्त हवी होती. वाफ किती मिळणार हे शेवटी भट्टीतल्या जाळीच्या क्षेत्रफळावर ठरते. 'रॉकेट'ची जाळी सहा चौरस फूट, म्हणजे अर्ध्या चौरस मीटरहून थोडी मोठी होती. पुढे भट्टी चाकांच्या मध्ये बसवत असल्यामुळे तिची रुंदी एक मीटरच्या आसपास अडकून पडली. ती लांब करावी तर फायरमनच्या फावड्याची फेक तीन मीटरपलीकडे नीट जात नाही. मग रुंदी वाढवायला भट्टी मोठ्या चाकांच्या मागे नेली आणि तिच्याखाली लहान चाके दिली. पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी, मागे दोन लहान अशी ४-६-२ मांडणी पुढे 'पॅसिफिक' म्हणून ओळखली गेली. १९०१ साली अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्याने न्यूझीलंडसाठी अशी इंजिने बांधली. मागणीचे कारण वेग नव्हते, हलका कोळसा होते. कमी उष्णता देणारा कोळसा जाळायचा तर तो एका वेळी जास्त जाळावा लागतो, त्यासाठी जाळी रुंद हवी. जगातल्या कितीतरी नामांकित इंजिनांची मांडणी अशी वाईट कोळशापायी रूढ झाली.

दुसरी मोठी सुधारणा जर्मनीतून आली. बॉयलरमधली वाफ पाण्याला लागूनच असते. बारा वातावरणांच्या दाबाला तिचे तापमान १९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ते जरा उतरले की तिचे पाणी होते. सिलिंडरच्या भिंती तुलनेने थंड असतात. तिथे शिरताच वाफेचा चांगला मोठा भाग काम न करताच थेंब होऊन बसे. थंड आरशावर श्वास सोडून हे दाखवता येईल. विल्हेल्म श्मिट यांनी वाफ बॉयलरबाहेर काढल्यावर पुन्हा गरम वायूंमधून फिरवून ३०० अंशांच्या वर नेली. आता ती सिलिंडरात थोडी थंड झाली तरी वाफच राहते. प्रशियाच्या रेल्वेने १८९८ पासून हे वापरून पाहिले आणि दहा-पंधरा वर्षांत ते जगभर गेले. कोळसा आणि पाणी दोन्ही वाचले. वाफ एकदा लहान सिलिंडरात आणि मग मोठ्या सिलिंडरात अशी दोनदा वापरण्याची पद्धत फ्रेंचांनी जास्त नेटाने चालवली. तिचे फायदे खरे होते, पण यंत्र गुंतागुंतीचे होते आणि ड्रायव्हरला त्याचे चांगले शिक्षण लागे.

एवढे होऊनही वाफेची वाट अरुंदच होती. याचा निकाल १९२५ साली एका जाहीर सामन्यात लागला. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे मुख्य अभियंते नायजेल ग्रेस्ली यांची पॅसिफिक इंजिने तेव्हा नवी आणि दिमाखदार होती. ग्रेट वेस्टर्नचे 'पेंडेनिस कॅसल' हे इंजिन त्यांच्या रुळांवर चालवून पाहायचे ठरले. ते वजनाने दहा-बारा टनांनी हलके होते, पण त्याने त्याच गाड्या वेळेवर ओढल्या आणि कोळसा कमी खाल्ला. गुपित झडपेत होते. ग्रेट वेस्टर्नच्या चर्चवर्ड यांनी वीस वर्षांपूर्वीच झडपेची सरक लांब केली होती. त्यामुळे सिलिंडरात थोडीच वाफ घेऊन ती पसरू द्यायची असली, तरी वाट थोड्या वेळासाठी का होईना पण ऐसपैस उघडत असे. ग्रेस्ली यांच्याच कचेरीतल्या बर्ट स्पेन्सर या तरुण अभियंत्याने १९२४ साली हीच सुधारणा सुचवली होती आणि साहेबांनी ती बाजूला सारली होती. सामन्यानंतर मात्र ती करून पाहिली, तेव्हा कोळशाचा खर्च साधारण पंचमांशाने उतरला.

हाच विचार शेवटापर्यंत नेला तो फ्रान्सच्या आंद्रे शापलाँ यांनी. पॅरिस-ऑर्लेआँ रेल्वेच्या एका जुन्या पॅसिफिक इंजिनाची त्यांनी १९२९ साली पुनर्बांधणी केली. नवे इंजिन बांधले नाही, चाके तीच, सांगाडाही तोच. बॉयलरपासून सिलिंडरापर्यंत आणि तिथून धुराड्यापर्यंत वाफेचा दाब कुठे कुठे वाया जातो याचा हिशेब त्यांनी मांडला आणि नळ्या, वळणे, झडपा सगळे मोकळे केले. वाफ आणखी गरम केली. धुराड्याखालची फुंकणीची रचना फिनलंडच्या क्यूलाला यांच्या कल्पनेवरून नव्याने केली. साधारण १८५० अश्वशक्ती देणारे इंजिन ३००० अश्वशक्तीच्या घरात गेले! प्रश्नमंजूषेत शापलाँ यांचे नाव कधी येत नाही, 'मॅलार्ड'चे येते. आमच्या मते हे उलटे हवे होते.

कारण 'मॅलार्ड'च्या धुराड्यातही तीच दुहेरी फुंकणी होती. ३ जुलै १९३८ रोजी ड्रायव्हर जो डडिंग्टन आणि फायरमन टॉमी ब्रे यांनी २४० टनांची गाडी घेऊन ग्रॅन्थमच्या दक्षिणेचा उतार पकडला आणि ताशी २०३ किलोमीटरची नोंद झाली. जर्मनीच्या '०५ ००२' या इंजिनाने दोन वर्षांपूर्वी ताशी २०० किलोमीटर गाठले होते. 'मॅलार्ड'च्या मधल्या सिलिंडराच्या दांड्याचे बेअरिंग त्या धावेत तापून गेले आणि इंजिनाला पीटरबरोला थांबून राहावे लागले. दट्ट्या, दांडे, बेअरिंग यांच्या सहनशक्तीची कड जवळ आली होती, हे त्या बेअरिंगने सांगितले.

रूळ काय म्हणतात

आतापर्यंत आपण सगळे इंजिनाच्या बाजूने पाहिले. रुळाच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. मागेपुढे झेपावणाऱ्या दट्ट्याचा आणि दांड्यांचा तोल सांभाळायला चाकात वजने बसवतात. आडवा हिसका त्यामुळे कमी होतो, पण तेच वजन चाकाबरोबर वरखाली फिरते आणि दर फेऱ्याला रुळावर घण घातल्यासारखा घाव बसतो. चाकाचे फेरे दुप्पट झाले तर घाव चौपट. इंग्लंडमध्ये १९२३ ते १९२८ या काळात एका समितीने पुलांवर मोजमापे करून याचा अभ्यास केला. तोवर इंजिन बांधणारे आणि पूल बांधणारे एकमेकांचे आकडे फारसे विचारत नसत.

याच सुमाराला भारतासाठी प्रमाणित इंजिने आखली जात होती. मुंबई-पुणे मार्गावर १९३० साली 'दख्खनची राणी' विजेच्या इंजिनावर धावू लागली. पण देशाचा बाकीचा जवळजवळ सगळा भार कोळशावर होता, आणि आपल्या कोळशात राख फार. म्हणून रुंद भट्टीची पॅसिफिक इंजिने पसंत केली गेली : हलकी 'एक्सए', मधली 'एक्सबी', जड 'एक्ससी'. १९२४ पासून सात-आठ वर्षांत अडीचशेहून जास्त इंजिने इंग्लंडमधून आली. 'एक्सबी' आणि 'एक्ससी' वेगात असताना सापासारखी डाव्या-उजव्या बाजूंना हेलकावत. रूळ वाकडे झाल्याच्या आणि गाड्या घसरल्याच्या तक्रारी सुरुवातीपासून येत होत्या. दुरुस्त्या होत, वेगावर बंधने घातली जात, आणि इंजिने चालूच राहात.

१७ जुलै १९३७ च्या पहाटे पाटण्याजवळ बिहटा येथे हावड्याकडे निघालेली एक्स्प्रेस घसरली. तिला 'एक्सबी' इंजिन होते. शंभराहून जास्त माणसे मेली. इंजिनाच्या हेलकाव्यांनीच पुढचा रूळ वाकवला, असा निष्कर्ष न्यायालयीन चौकशीत निघाला. मग पॅसिफिक इंजिनांसाठी खास समिती नेमली गेली. इंग्लंडमधले नावाजलेले इंजिन अभियंते विल्यम स्टॅनियर तिचे एक सभासद होते. समितीने इंजिने आणि रूळ दोन्ही तपासले. इंजिनाच्या पुढच्या बोगीला आणि मागच्या लहान चाकांना बाजूला सरकण्यापासून आवरणारी ताकद अपुरी होती, आणि ज्या रुळांवर ती धावत ते हा आडवा मार सहन करण्याइतके भक्कम नव्हते. कागदावर इंजिनात मोठे वावगे दिसत नव्हते. पण ते ज्या रुळांवर धावणार होते ते रूळ त्या कागदावर नव्हते.

दोन इंजिने मागवून, चालवून, मोजून मग शेकड्यांनी घ्यायची, एवढी साधी गोष्ट आधी केली असती तर? हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला, आणि पुढच्या इंजिनाच्या वेळी त्याचे उत्तर कृतीत दिसले. १९४७ साली बाल्डविन कारखान्यातून 'डब्ल्यूपी' जातीची आधी सोळाच इंजिने आली. गोल नाक, नाकावर तारा, ४-६-२ मांडणी. ती चालवून पाहिल्यावर अमेरिका, कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया आणि शेवटी आपले चित्तरंजन अशा ठिकाणी मिळून १९६७ पर्यंत ७५५ इंजिने बांधली गेली. दिल्ली-आग्रा ताज एक्स्प्रेस हीच इंजिने ओढत. चाक १.७० मीटरचे, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला फेरे पाचाच्या जरा वर. दोनच सिलिंडर, दोन्ही बाहेर, हात पोचेल तिथे. वेगाचा विक्रम या इंजिनाकडून कुणाला नकोच होता.

भट्टीची जाळी मात्र 'मॅलार्ड'हून मोठी होती, ४६ चौरस फूट म्हणजे ४.३ चौरस मीटर. वेग निम्मा आणि जाळी मोठी, कारण अर्थातच राखेचा कोळसा. ती जाळी हातानेच भरायची. म्हणून आपल्या इंजिनावर ड्रायव्हरखेरीज दोन फायरमन असत : एक टेंडरमधले ढेकूळ फोडून पुढे ओढणारा, दुसरा फावड्याने भट्टीत फेकणारा. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये 'अकबर' नावाचे डब्ल्यूपी जतन केलेले आहे. सहल नेलीत तर मुलांना तारा आणि नाक पाहू द्याच, पण भट्टीच्या दारासमोरही उभे करा. त्या दारातून आतल्या सगळ्या कोपऱ्यांत, इंजिन डुलत असताना, कोळसा सारखा पसरेल असा कसा फेकायचा, हे त्यांनाच ठरवू द्या.